दुधाची डेअरी नेमकी चालवतं कोण?

गोव्यातली मराठी दैनिकं नियमित वाचणाऱ्याला काही शब्द पाठ झालेले असतात: संचालक मंडळ, प्रशासक, सहकार निबंधक, व्यवस्थापकीय संचालक, आमसभा. कुर्टी-फोंड्याच्या गोवा डेअरीची बातमी आली की यातले तीन-चार शब्द तरी मथळ्यात असतातच. वाचक पान उलटतो. खुर्चीचं राजकारण आहे, आपल्याला काय? पण सत्तरीतल्या एखाद्या गावात पहाटे कॅन घेऊन सोसायटीत येणाऱ्या माणसाला दहा दिवसांनी किती रुपये मिळणार, हे त्या खुर्च्यांवर कोण बसलंय आणि कोणती गोष्ट कोण ठरवतंय यावर बरंचसं अवलंबून असतं. ते कसं, हे दुधापासूनच सुरुवात करून पाहू.

मालक कोण, नोकर कोण

सहकारी दूध व्यवसायाची रचना मजल्यांची असते. तळाला गावची दूध सोसायटी. तिचे सभासद म्हणजे दूध घालणारे शेतकरी. अशा अनेक सोसायट्या मिळून वरचा मजला उभा राहतो, तो दूध संघ. आपण ज्याला गोवा डेअरी म्हणतो तो असा संघ आहे. मोठ्या राज्यांत याच्यावर महासंघाचा आणखी एक मजला असतो. गोवा लहान, त्यामुळे इथे संघच माथ्यावर.

शेतकरी सोसायटीचं मंडळ निवडतात आणि सोसायट्यांचे प्रतिनिधी संघाचे संचालक निवडतात. मत दुधाच्या लिटरवर मोजलं जात नाही. रोज ४० लिटर पाठवणाऱ्या सोसायटीचं मत आणि हजार लिटर पाठवणाऱ्या सोसायटीचं मत सारखंच. सहकाराचं बळ यात आहे आणि निवडणुकीतली बरीचशी भांडणंही यातूनच येतात.

म्हणजे कागदावर डेअरीचा मालक शेतकरी. संचालक हे मालकाचे प्रतिनिधी, आणि व्यवस्थापकीय संचालकापासून प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञापर्यंत बाकी सगळे पगारी.

भावाचं गणित: फॅट, एसएनएफ आणि डिग्री

शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव दोन आकड्यांवर ठरतो. पहिला फॅट, म्हणजे दुधातली स्निग्धता. दुसरा एसएनएफ, म्हणजे पाणी आणि फॅट वगळून उरणारे प्रथिनं, साखर आणि खनिजं असे घन पदार्थ. सरकारी मानकानुसार गाईच्या दुधात किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ असावं लागतं.

फॅट पूर्वी सगळीकडे गर्बर पद्धतीने काढत: काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये १० मिली गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल, मग यंत्रात फिरवायचं आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून आकडा वाचायचा. आता बहुतेक सोसायट्यांत अर्ध्या-एका मिनिटात उत्तर देणारी यंत्रं आहेत. एसएनएफ मात्र अजूनही अनेक ठिकाणी लॅक्टोमीटरच्या, म्हणजे दुधात तरंगवून त्याचा दाटपणा मोजायच्या काचेच्या नळीच्या, 'डिग्री'वरून काढतात. वापरात असलेलं एक सूत्र असं: डिग्री भागिले ४, अधिक ०.२१ गुणिले फॅट, अधिक ०.३६. शेवटचे स्थिरांक डेअरीगणिक थोडे बदलतात.

आता हे चालवून पाहा. फॅट ३.८ आणि डिग्री २९ लागली तर एसएनएफ येतं ८.४. दूध पास. त्याच दुधाची डिग्री २७ वाचली गेली तर एसएनएफ ७.९. दूध नापास, किंवा दर कापलेला. फरक फक्त दोन डिग्रींचा, आणि ही दोन डिग्री चुकायला फार काही लागत नाही. नुकतंच काढलेलं, फेसाळ, कोमट दूध लॅक्टोमीटरला हलकं वाटतं. लॅक्टोमीटर २७ अंश तापमानासाठी बनवलेला असेल आणि दुरुस्ती न करता धारोष्ण दुधात सोडला, तर आकडा कमीच येणार. कॅन न ढवळता वरून नमुना घेतला तर साय हातात येते आणि फॅट फुगते. तळाचं घेतलं तर उलटं.

एका शेतकऱ्यासाठी ही चूक केवढी? समजा फॅटच्या प्रत्येक ०.१ पॉइंटला लिटरमागे ३० पैसे दर आहे आणि यंत्र ०.२ कमी दाखवतं. ४० लिटर घालणाऱ्याचे रोज २४ रुपये गेले, महिन्याचे ७२०.

संघाच्या बाजूने पाहा. समजा रोज ५० हजार लिटर संकलन आहे. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो, म्हणजे ५१,५०० किलो दूध. सोसायट्यांच्या यंत्रांनी सरासरी ०.१ टक्का फॅट जास्त दाखवली, तर संघ रोज ५१ किलोंहून अधिक अशा फॅटचे पैसे देतो जी टाकीत आलेलीच नाही. वर्षाला जवळजवळ १९ टन. एवढ्या तोट्यासाठी कोणी चोरी करायची गरज नाही, यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा आकडा बरोबर येतो का हे ताडून ते जुळवणं, तीन महिने राहून गेलं तरी पुरे.

नाटक मंडळाची गोष्ट लक्षात ठेवा

जत्रेतल्या नाटकाचं उदाहरण घ्या. गावचं मंडळ वर्गणी काढतं, कुठलं नाटक करायचं ते ठरवतं, पडदे-लाईट-मेकअपचा खर्च मंजूर करतं. तो त्यांचा अधिकार, कारण पैसा गावाचा. पण तालीम सुरू झाली की दिग्दर्शकाचा शब्द चालतो. अध्यक्षांच्या भाच्याला राजाची भूमिका द्या असा निरोप आला की नाटक पडायला सुरुवात होते. आणि उलट, दिग्दर्शक स्वतःच वर्गणीची पेटी सांभाळू लागला तर पुढच्या वर्षी वर्गणी जमत नाही.

डेअरीतही तीन प्रकारची माणसं लागतात. निवडून आलेली, जी धोरण ठरवतात आणि सभासदांना जाब देतात. नेमलेला व्यवस्थापक, जो रोजचा कारभार चालवतो. आणि जाणकार: पशुवैद्य, दुग्धतंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ, हिशेबनीस.

देशातल्या सहकारी दुधाचा पाया गुजरातमधल्या ज्या आणंदमध्ये घातला गेला तिथे ही तीन माणसं अगदी स्पष्ट दिसतात. तिथल्या खेडा जिल्हा संघाची, म्हणजे अमूलची, नोंदणी १९४६ सालची. त्रिभुवनदास पटेल हे शेतकऱ्यांचे नेते. १९४९ मध्ये आणंदला आलेले वर्गीज कुरियन हे केरळचे अभियंता, ते व्यवस्थापक. आणि म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवणारे तंत्रज्ञ एच. एम. दलाया. म्हशीच्या दुधाची अशी पावडर होत नाही असं त्या काळी जगभर मानलं जाई. पटेलांनी यंत्रात हात घातला नाही आणि कुरियन निवडणुकीला उभे राहिले नाहीत. कुरियन यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांना मोकळीक देणारा अध्यक्ष मिळाला नसता तर ते किती दिवस टिकले असते हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं.

व्यवहारात रेषा अशी ओढता येते. शेतकऱ्याला विक्री उत्पन्नातला किती वाटा द्यायचा, नवा प्रकल्प घ्यायचा की नाही, कर्ज काढायचं की नाही, हे मंडळाचं काम. कुठल्या सोसायटीचं दूध आज नापास झालं, कुठला टँकर आधी सोडायचा, प्रयोगशाळेत कोणाला बसवायचं, हे मंडळाचं काम नाही. एखाद्या संचालकाने आपल्या गावचं आंबट दूध घ्या म्हणून फोन केला आणि ते घेतलं गेलं, तर त्या टाकीतलं बाकी सगळ्यांचं दूध बिघडतं. इथे कोणाच्या नीतीबद्दल बोलण्याआधी जंतूंचं गणित पाहावं. कासेतून दूध ३७ अंशांच्या आसपास बाहेर येतं. त्या तापमानाला जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. तीस मिनिटं धरली तरी तीन तासांत एकाचे चौसष्ट. म्हणून दोन-तीन तासांच्या आत दूध ४ अंशांवर न्यावं लागतं, आणि म्हणून काणकोण किंवा सत्तरीच्या टोकाचं दूध थेट कुर्टीला न आणता वाटेतच शीतकरण टाकीत थंड करावं लागतं.

मग 'तज्ज्ञ संचालक' हा काय प्रकार?

२०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीत सहकारी संस्थांसाठी नवा भाग आला. संचालकांची संख्या जास्तीत जास्त २१, मुदत ५ वर्षं, आणि त्याशिवाय बँकिंग, व्यवस्थापन, वित्त किंवा संस्थेच्या कामाशी संबंधित विषयातले दोन जाणकार स्वीकृत करता येतील, असं त्यात होतं. या स्वीकृत सदस्यांना संस्थेच्या निवडणुकीत मत नाही आणि अध्यक्ष-उपाध्यक्षही होता येत नाही. कल्पना चांगली: जाणकार टेबलाशी बसावा, पण सत्तेच्या शर्यतीत नसावा.

जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भाग राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता रद्द ठरवला, कारण सहकार हा राज्याचा विषय आणि निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मंजुरी घेतलेली नव्हती. एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्या संस्थांना तो लागू राहिला. त्यामुळे गोव्यातल्या संघासाठी हा प्रश्न राज्याच्या २००१ च्या सहकारी संस्था कायद्याचा आणि संस्थेच्या पोटनियमांचा आहे.

मात्र कायद्यात जागा असली म्हणून तज्ज्ञ येतोच असं नाही. निवडणुकीत पडलेल्या माणसाला मागच्या दाराने आत घेण्यासाठी ती जागा वापरली, तर कागदावर तज्ज्ञ दिसतो आणि पशुखाद्याच्या कंत्राटावर चर्चा करताना प्रथिनांची टक्केवारी विचारणारा कोणी नसतो.

प्रशासक आला की सगळं सुरळीत?

कारभारात गंभीर दोष आढळले किंवा निवडणूक लांबली तर निबंधक मंडळाच्या जागी प्रशासक नेमू शकतात. बऱ्याच वाचकांना हे बरं वाटतं: राजकारणी गेले, अधिकारी आला. प्रशासक काही गोष्टी खरोखर चांगल्या करू शकतो. थकलेली येणी वसूल करणं, हिशेब अद्ययावत करणं, नोकरभरती थांबवणं. पण तो तात्पुरता असतो आणि त्याला ते माहीत असतं. नवी यंत्रणा घ्यायची, पाच वर्षांचा चारा कार्यक्रम आखायचा, असले निर्णय तो पुढच्या मंडळावर ढकलतो, आणि ते त्याच्या जागी योग्यही असतं. शिवाय तोही अनेकदा सहकार खात्याचा माणूस असतो, दुधाचा नव्हे.

खरी तज्ज्ञता गोठ्यात लागते

डेअरीची चर्चा कुर्टीच्या इमारतीभोवती फिरते, पण गोव्याचं दूध वाढायचं तर ते गोठ्यातच वाढेल. आणि इथे चुका फार बारीक असतात.

पहिली गोष्ट माजाची, म्हणजे गाय फळू शकते त्या वेळेची. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो जेमतेम अर्धा-पाऊण दिवस. जुना नियम असा: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गोव्यात गाई बहुतेक बांधलेल्या असतात, पावसात गोठ्याची फरशी निसरडी, त्यामुळे त्या एकमेकींवर चढत नाहीत आणि माज दिसतच नाही. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात संकरित गाईंचा माज मुकाच जातो. एक माज हुकला की २१ दिवस गेले. भाकड गाईला रोज १५० रुपयांचा चारा-खुराक लागतो असं धरा, तर ३,१५० रुपये, शिवाय पुढचं वेत तीन आठवडे लांबलं ते वेगळं. तीन माज हुकलेली गाय शेतकरी विकून टाकतो.

रेतन करणाऱ्याचंही कौशल्य असतं. वीर्यकांडी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असते. ती ३७ अंशांच्या पाण्यात साधारण ३० सेकंद वितळवायची आणि लगेच वापरायची. नायट्रोजनची टाकी वेळेवर भरली नाही, किंवा कांडी शोधताना चार-पाच वेळा तोंडाशी वर-खाली झाली, तर आतलं वीर्य निकामी होतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. गाय 'उलटते', म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि दोष गाईवर जातो.

दुसरी गोष्ट आहाराची. हिरवी वैरण कमी आणि खुराकाचा मारा जास्त, असं झालं की गाईच्या पोटातली आम्लता वाढते आणि फॅट घसरते. भाताचं नुसतं वाळलं गवत आणि थोडी पेंड, असं झालं की ऊर्जा कमी पडून एसएनएफ घसरतं. कासदाहाची सुरुवात, ज्याला बरेच जण दगडी म्हणतात, तीही एसएनएफ पाडते. म्हणजे सोसायटीत 'पाणी घातलंस' म्हणून ज्याला ऐकून घ्यावं लागतं, तो पुष्कळदा पाणी घालत नसतो. त्याला पशुवैद्याची किंवा आहाराच्या सल्ल्याची गरज असते. ढोबळ हिशेब असा सांगतात: संकरित गाईला शरीरपोषणासाठी दीड ते दोन किलो खुराक आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, २० ते २५ किलो हिरवी वैरण, आणि रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण. संकरित नेपियर गवताचे ठोंब लावले तर कापणीगणिक फुटतात, पण त्याला पाणी आणि जमीन लागते, आणि गोव्यात जमिनीचा प्रश्न गाईपेक्षा मोठा आहे.

तिसरी गोष्ट हवामानाची. कोल्हापूर-गोकाककडून घेतलेली गाय कोरड्या हवेत वाढलेली. ती किनाऱ्याच्या दमटपणात पहिल्याच उन्हाळ्यात दुधाला उतरते. तिच्या अंगावर नुसतं पाणी मारून भागत नाही. हवेत आधीच बाष्प असल्याने पाणी वाळत नाही आणि गारवा येत नाही. पंख्याचा झोत हवाच. गाय खरेदीला अनुदान देणाऱ्या योजनांनी हे किती पाहिलं, हे तपासण्यासारखं आहे. गाय आली, दोन वेतं झाली, गाभण राहिली नाही, गेली. मग नव्या गाईसाठी नवा अर्ज. त्या पैशातला काही भाग पंख्यावर आणि माजाच्या नोंदवहीवर खर्च झाला असता तर जुनीच गाय टिकली असती.

इथली मूळची श्वेतकपिला गाय हे हवामान सहज सोसते. राष्ट्रीय पातळीवर तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झालेली आहे. पण ती दूध थोडं देते. डेअरीची टाकी तिच्यावर भरणार नाही, हे जितकं खरं तितकंच तिचा वंश हातचा घालवू नये हेही खरं.

'बाहेरची डेअरी जास्त भाव देते, तर तिकडे का नको?'

द्यावं की दूध. शेतकऱ्याने भाव पाहूनच निर्णय घ्यावा. फक्त पूर्ण भाव पाहावा. लिटरचा दर, फॅट मोजण्याची पद्धत, पैसे किती दिवसांनी, पशुखाद्य कोणत्या दराने, पशुवैद्य येतो का, आणि दूध जास्त झालं की तेही घेणार का. संघाने उसगावच्या कारखान्यातलं पशुखाद्य चांगलं आणि वेळेवर दिलं तर दरातला एखाद-दुसऱ्या रुपयाचा फरक भरून निघतो. नाही दिलं तर सभासदाला निष्ठेची शपथ घालण्यात अर्थ नाही. सरकारचं प्रोत्साहन अनुदान हाही उत्पन्नाचा भाग आहे, पण ते उशिरा आलं की मधल्या महिन्यांत पेंड उधारीवर आणावी लागते.

'पिशवीतलं दूध पावडरचं असतं म्हणे!'

ही शंका घराघरात आहे. टोन्ड दुधासाठी मानक आहे ३.० टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ. आलेलं दूध ३.८ फॅट आणि ८.३ एसएनएफचं असेल, तर जादा साय काढून घेतात (तिचं तूप होतं) आणि एसएनएफ वाढवायला साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळतात. ०.२ टक्क्यांसाठी हजार किलो दुधामागे सव्वादोन-अडीच किलो पावडर लागते. हे कायदेशीर आहे, यात भेसळ नाही. खरा प्रश्न वेगळा: ती पावडर कोणत्या दराने, कोणाकडून आणि किती घेतली? आणि तो प्रश्न ग्राहकापेक्षा सभासदाने विचारायचा असतो, कारण जितकं दूध गोव्यात कमी, तितकी पावडर आणि बाहेरचं दूध जास्त.

आमसभेत काय विचारायचं

वार्षिक सर्वसाधारण सभेत बहुतेक प्रश्न दर आणि लाभांशाचे असतात. ते विचारावेतच. पण हिशेबतपासनिसाच्या अहवालासोबत घटकांचा ताळेबंद मागावा: वर्षभरात किती किलो फॅट आणि किती किलो एसएनएफ आत आलं, पिशव्या, तूप, दही, आइस्क्रीम यांतून किती बाहेर गेलं आणि मधलं कुठे गेलं. लिटरच्या हिशेबात लपणारा तोटा किलोच्या हिशेबात लपत नाही.

आपल्या सोसायटीच्या यंत्राचं शेवटचं कॅलिब्रेशन कोणत्या तारखेला झालं, ते कोणी केलं आणि त्याची नोंद कुठे आहे, हे विचारावं. शंभर रेतनांमागे किती गाई गाभण राहिल्या? प्रत्यक्ष गावपातळीवर ३५ टक्क्यांच्या आसपास आकडा सर्वसाधारण धरतात. त्याहून फार कमी असेल तर नायट्रोजनच्या टाकीपासून तपास सुरू करावा. आकडाच कोणी ठेवत नसेल, तर व्यवस्थापकाला विचारावं की पशुवैद्यकीय पथकाचा मासिक अहवाल मंडळासमोर येतो का, आणि शेवटचा कधी आला. आणि प्रयोगशाळेने नापास केलेलं दूध वर्षभरात किती वेळा वरच्या फोनवर पास झालं, हे विचारताना इतिवृत्त लिहिणाऱ्याकडे नजर ठेवावी, प्रश्न लिहिला जातोय ना.